काय सोडायचं आणि कुणाला सोडायचं नाही

आजचं वाचन : महाभारत, महाप्रस्थानिक पर्व, अध्याय १ ते ३



आज आपण महाभारताच्या अगदी शेवटाकडं आलो. महाप्रस्थानिक हे सतरावं पर्व. अवघे तीन अध्याय. सकाळचा चहा निवायच्या आत वाचून होतात. पण वाचून झाल्यावर माणूस लगेच उठत नाही, कप हातात तसाच राहतो.

कथा तुम्हाला माहीत आहेच, तरी उजळणी करू. यादव आपसात लढून संपले. श्रीकृष्णांनी देह ठेवला. द्वारका समुद्रानं गिळली. ही बातमी घेऊन अर्जुन परत येतो आणि युधिष्ठिर ठरवतो, की आता आपलीही वेळ झाली. परीक्षिताला गादीवर बसवून, अंगावरची राजवस्त्रं उतरवून, वल्कलं नेसून पाच भाऊ आणि द्रौपदी चालू लागतात. त्यांच्या मागं हस्तिनापुरातून एक कुत्रा निघतो. त्याला कुणी बोलावलेलं नाही. व्यासांनी त्याचं नाव सांगितलेलं नाही, रंग सांगितलेला नाही, त्यानं काही पराक्रम केल्याचंही लिहिलेलं नाही. तो मागं मागं चालतोय, एवढंच.

पूर्व, दक्षिण, पश्चिम असं करत शेवटी ही मंडळी उत्तरेला हिमालयात शिरतात. आणि तिथं एकेक जण पडायला लागतो. आधी द्रौपदी, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. उरतात दोघं. युधिष्ठिर आणि कुत्रा.

आपण हे घरात बसून वाचतो. पंखा चालू असतो, बाहेर दूधवाला हाक मारत असतो. त्यामुळं ही सगळी गोष्ट थंडीत, चढावर, दम लागलेल्या माणसांची आहे हे ध्यानातच येत नाही. एका जानेवारीत आम्ही कोल्हापूरचे आठजण केदारकंठाला गेलो होतो, तेव्हापासून हे पर्व मला वेगळं दिसायला लागलं. म्हणून आज वाचनाबरोबर थोडं त्या वाटेबद्दलही लिहितो.

केदारकंठा हे उत्तराखंडात, उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानातलं १२,५०० फुटांचं शिखर. हिमालयातल्या बऱ्याच वाटा हिवाळ्यात बंद होतात, पण इथं लोक मुद्दाम बर्फासाठी डिसेंबर-जानेवारीत जातात. पायथ्याचं गाव सांक्री, साधारण ६,४०० फुटांवर. डेहराडूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत जवळपास दोनशे किलोमीटरचा घाटरस्ता आहे, त्यात अख्खा दिवस जातो. आपलं कोल्हापूर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्याही आत. तेव्हा आपल्यासारख्याला सांक्रीचंच अप्रूप.

आणि शिखरावरून समोर दिसते ती स्वर्गारोहिणी. साडेवीस हजार फुटांचा पांढराशुभ्र डोंगर. तिकडचे लोक सांगतात, पांडव स्वर्गाला गेले ते ह्याच बाजूनं. बद्रीनाथच्या पुढं माणा गावात गेलात तर तिथले लोक म्हणतात, छे, ते आमच्या इथून सतोपंथाच्या वाटेनं गेले, आणि भीमानं टाकलेला दगडी पूलही दाखवतात. आपण त्या वादात पडायचं कारण नाही. एवढं खरं, की ज्या वाटेवर पावलागणिक श्वास मोजावा लागतो, तसल्या वाटेवर हे पर्व घडतं.

आधी पाठ हलकी

पहिल्याच अध्यायात एक छोटा प्रसंग आहे, बहुतेक जण तो वाचून पुढं जातात. सगळं राज्य सोडून निघालेल्या अर्जुनाच्या खांद्यावर अजून गांडीव आहे, आणि अक्षय्य भातेही आहेत. धनुष्य मोलाचं, सोडवत नाही. पूर्वेच्या समुद्राशी अग्नी वाट अडवून उभा राहतो आणि म्हणतो, हे वरुणाचं होतं, आता त्याला परत दे. मग अर्जुन ते पाण्यात टाकतो.

बघा, राज्य सोडता आलं, पण धनुष्य नाही. मोठं सोडलं की आपल्याला वाटतं सगळं सुटलं. एखादी गोष्ट खांद्याला तशीच चिकटलेली असते.

सांक्रीत आमचा वाटाड्या प्रत्येकाची पाठपिशवी एका हातानं उचलून बघत होता. दहा किलोच्या वर एकही नको, हा त्याचा नियम. मग पिशव्या उघडल्या. एकाकडं तीन जीन्स पँटी. एकाकडं दोन किलो भडंग आणि बरणीभर कांदा-लसूण चटणी. एकानं जाडजूड सुती स्वेटशर्ट आणलेले. वाटाड्या म्हणाला, सुती कपडा घामानं ओला झाला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो, बर्फात तो कपडा नव्हे, शत्रू. लोकरीचं ठेवा, बाकी इथं खोलीवर ठेवून चला. चटणीच्या बरणीवरून बरीच घासाघीस झाली. शेवटी एका छोट्या डबीवर तडजोड झाली. गांडीव ज्याचं त्याचं वेगळं असतं!

पुढच्याच्या पावलात मागचा

वर देवदार आणि बांजाच्या जंगलात ताजा बर्फ पडलेला होता. ताज्या बर्फात पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. तो उपसून काढायचा आणि पुढं टाकायचा, की परत आत. शंभर पावलांत छाती भरून येते. यासाठी स्नोशू वापरतात. बुटाखाली बांधायची रुंद, पसरट चौकट. वजन जास्त जागेवर पसरतं, त्यामुळं माणूस कमी रुततो. चिखलात फळी टाकून चालावं तसलाच प्रकार. आमच्या दोन्ही वाटाड्यांकडं ते होते. ते दोघं पुढं चालून बर्फ दाबत जायचे आणि तयार झालेल्या त्या पायवाटेवरून आम्ही बुटांना दातेरी साखळ्या लावून मागं.

सगळ्यात पुढचा सगळ्यात जास्त दमतो. म्हणून ते दोघं दर पाच-दहा मिनिटांनी आलटून पालटून पुढं व्हायचे. पुढचा बाजूला उभा राहायचा, रांग पुढं सरकायची, तो शेवटी येऊन मिळायचा. आपल्या वारीत दिंडी चालते तशी. मागच्याची चाल बघून पुढच्यानं पाऊल टाकायचं. तिथं दुसरा नियम चालतच नाही, कारण रांग तुटली की मागच्याची वाट वाऱ्यानं उडालेल्या बर्फात बुजते.

तेव्हा मनात आलं, पांडवही एका रांगेतच चालले होते. पुढं युधिष्ठिर, मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेव, द्रौपदी, आणि शेवटी तो कुत्रा. शेवटची द्रौपदी पडली तेव्हा भीमानं विचारलं, हिनं तर कधी अधर्म केला नाही, मग का पडली? युधिष्ठिर कारण सांगतो, तिचं मन अर्जुनाकडं जास्त ओढ घ्यायचं. पुढं सहदेवाला शहाणपणाचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला शौर्याचा, भीमाला ताकदीचा आणि खाण्याचा. कारण सांगतो आणि मागं न बघता चालत राहतो.

खरं सांगतो, हा भाग मला नेहमी टोचत आलाय. धर्मराज म्हणायचं आणि पडलेल्या बायकोचे, भावांचे दोष मोजायचे? वळून बघायचंही नाही? तुमच्यातल्याही अनेकांनी हा प्रश्न विचारलाय. त्याचं उत्तर तिसऱ्या अध्यायात आहे. पण तिथं जाण्याआधी वाटेवरची ती रात्र सांगतो.

अडीच वाजता

शिखराखालचा तळ ११,२५० फुटांवर होता. संध्याकाळी आमच्यातल्या एकाचं डोकं दुखायला लागलं. करवीर तालुक्यातला शेतकरी माणूस, ऊस कारखान्याला घालवून मग निघालेला. जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, "काय नाही रं, चहा कमी पडलाय." रात्री दोनदा उलटी झाली.

तंबूत लगेच बोलणं सुरू झालं. "तरी म्हणत होतो, चार महिने आधी जोतिबा चढायला लाग." "पाणी प्यायला नसणार नीट." प्रत्येकाकडं एक कारण तयार. वाटाड्यानं ते ऐकलं आणि शांतपणे सांगितलं, की उंची कुणाला लागेल हे व्यायामावर ठरत नाही. तालमीतला पैलवान आडवा होतो आणि बारकासा माणूस चालत राहतो. साडेबारा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानानं दोन-तृतीयांशाच्याही थोडा खाली येतो, दर श्वासाला प्राणवायू तेवढाच कमी. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. कुणाला एक दिवस, कुणाला तीन. डोकेदुखी आणि उलटी आहे तोवर वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. यावर खरं औषध एकच, उंची कमी करणं.

मग त्यानं आजाऱ्याला टाचेला बोट लावत सरळ रेषेत चालायला लावलं. झोक गेला असता तर मेंदूवर सूज आल्याची खूण, आणि तो जिवाशी खेळ. झोक गेला नाही. तरी वाटाड्या म्हणाला, हे थांबायचं नाही, आत्ताच खाली. माझा जोडीदार घेऊन जाईल. तुमच्यातलं कुणी आलं नाही तरी चालेल, तो रोज ह्या वाटेवर असतो.

रात्रीचे अडीच वाजले होते. शिखराकडं निघायची आमची तीच वेळ. बाहेर उणे दहाच्या आसपास थंडी. सगळे साखळ्या बांधून तयार. हे नीट लक्षात घ्या, की आजाऱ्याची सोय झालेली होती. कुणी थांबायची गरज आहे असं कुणीही म्हणालेलं नव्हतं.

आमच्यातला एकजण, शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करणारा, खाली वाकला आणि साखळ्या सोडायला लागला. दोन वर्षं भिशी लावून त्यानं या सहलीचे पैसे जमवलेले. रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून तयारी केलेली. आम्ही विचारलं, "अरे, तू का?" तो म्हणाला, "त्याला हिंदी धड येत नाही. वाटेत काय झालं तर सांगणार कुणाला?" बस. एवढंच बोलला. डोक्याला बत्ती लावून तिघं उतरायला लागले. बराच वेळ ते तीन उजेड झाडांमधून खाली जाताना दिसत होते.

आम्ही वर गेलो. सूर्य उगवताना स्वर्गारोहिणी आधी गुलाबी झाली, मग सोनेरी. असं दर्शन आयुष्यात विसरणार नाही. दुपारी खाली गोठलेल्या जुडा तलावाच्या काठी पोचलो, ९,१०० फुटांवर, तर हे दोघं उन्हात बसून खिचडी खात होते. दोन हजार फूट उतरल्याबरोबर आजाऱ्याचं डोकं हलकं झालं होतं. चटणीची डबी मागत होता! आणि दुसऱ्याला आम्ही म्हटलं, वर फार भारी होतं रे, तू पाहिजे होतास. तो म्हणाला, "बरं झालं. मला झोपच येत होती."

धर्मराजाचं उत्तर

आता तिसरा अध्याय. इंद्र रथ घेऊन येतो. म्हणतो, चल, सदेह स्वर्गात. युधिष्ठिर म्हणतो, हा कुत्राही येईल. इंद्र म्हणतो, कुत्र्याला स्वर्गात जागा नाही, सोड त्याला. युधिष्ठिर नाही म्हणतो. जो आपल्या भरवशावर मागं आला त्याला टाकणं हे पाप, शरण आलेल्याला भीती घालणं आणि मित्रद्रोह यांच्याच रांगेत तो बसवतो.

मग इंद्र अगदी आपलाच प्रश्न विचारतो. बायकोला सोडलंस, भावांना सोडलंस, मग ह्या कुत्र्यालाच का सोडवत नाही?

युधिष्ठिराचं उत्तर असं, की ते मेले होते. मेलेल्यांशी मैत्री नाही की वैर नाही, मला त्यांना परत उठवता आलं नसतं. म्हणून मी पुढं आलो. पण ते जिवंत असताना मी त्यांना सोडलं नव्हतं. हा कुत्रा जिवंत आहे.

इथं पुन्हा एकदा थांबा. या उत्तरानं सगळं पर्व उजळून निघतं. धर्मराज राज्य सोडतो, वस्त्रं सोडतो. अर्जुन धनुष्य सोडतो. गेलेल्यांचा मोहसुद्धा धर्मराज सोडतो. आणि शेवटी दारात उभा असलेला स्वर्गही सोडायला तयार होतो. एकच गोष्ट तो सोडत नाही, ती म्हणजे सोबत चालत आलेला जिवंत जीव. कुत्रा कामाचा आहे म्हणून नव्हे. मागं आला म्हणून. आणि मग तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच होता, हे उघड होतं. धर्म सगळ्या वाटेवर रांगेत शेवटी चालत होता. पुढं शोधणाऱ्याला तो दिसला नसता.

आपल्या जिल्ह्यात नृसिंहवाडीला आपण दत्तमहाराजांच्या दर्शनाला जातो. घरी त्यांचं चित्र असतं, पायाशी चार कुत्री असतात. हात जोडताना त्यांच्याकडं आपलं लक्षही जात नाही. पुढच्या वेळी जरा बघा.

आपण उलटं करतो

मला वाटतं, आपण नेमकं उलटं करतो. जे मेलंय ते खांद्यावर वागवतो, आणि जो जिवंत आहे त्याला मेल्यातच जमा करून पुढं निघतो.

बारा वर्षांपूर्वीचं वाटणीचं भांडण मेलेलं आहे, पण ते आपण रोज उचलतो. निवृत्त होऊन वर्षं झाली, साहेबपण मेलं, पण गांडीव खांद्यावरच. आणि तिकडं घरात विसरभोळी झालेली आई तोच प्रश्न चौथ्यांदा विचारते, तेव्हा आपण म्हणतो, "तिला आता काय कळतंय." ती जिवंत आहे. धंद्यात बुडालेला मित्र चहाच्या टपरीवर दिसला की आपण रस्ता बदलतो. तो जिवंत आहे. दारू सुटत नाही म्हणून ज्या भावाशी बोलणं टाकलं, तोही जिवंत आहे.

आणि आपल्याकडं कारणं तयार असतात. "त्यानं वेळेवर ऐकलं असतं तर..." तंबूत आम्ही बोलत होतो तीच ही भाषा. कारण खरं असेल नसेल. पण ज्याचं डोकं दुखतंय त्याला कारण नको असतं. त्याला कुणीतरी बरोबर उतरणारं हवं असतं.

कुणी म्हणेल, मग काय सगळ्यांनीच शिखर सोडायचं? नाही. वर गेलेल्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आजारी माणूस जाणत्याच्या हाती होता. युधिष्ठिरही शेवटी स्वर्गात गेलाच. प्रश्न वर जायचा नाहीच. प्रश्न एवढाच, की मागं कुणी एकटा राहिला का? आठातला एक जरी त्याच्यासोबत असेल, तर रांग तुटलेली नसते.

पुढचं स्वर्गारोहण पर्व आपण उद्यापासून घेऊ. त्यातला एक प्रसंग आजच सांगतो, कारण तो याला जोडून आहे. स्वर्गात पोचल्यावर युधिष्ठिराला दुर्योधन दिसतो, भाऊ दिसत नाहीत. माझी माणसं कुठायत, म्हणून विचारत तो जातो, तर अंधाराच्या, घाणीच्या ठिकाणी त्यांचे आवाज ऐकू येतात. थांब, तू आहेस तोवर आम्हाला बरं वाटतंय, असं ते म्हणतात. आणि धर्मराज देवदूताला सांगतो, तू परत जा, मी इथंच राहतो. ज्यांचे दोष त्यानं वाटेत मोजले होते, त्यांच्यासाठीच तो नरकात थांबतो. तो थांबल्यावर नरक विरून जातो.

आजचं मनन

आज दिवसभरात एवढं करून बघू.

सकाळी, आपल्या खांद्यावरचं एक गांडीव ओळखू. एकच पुरे.

दुपारी, आपल्या रांगेत शेवटी कोण चालतंय ते मागं वळून बघू. घरात, कामावर, गल्लीत.

संध्याकाळी त्याला किंवा तिला फोन करू, किंवा जाऊन नुसतं शेजारी बसू. सल्ला द्यायचा नाही, कारण विचारायचं नाही. अर्धा तास पुरतो.

प्रार्थना

देवा, जे टाकायचं ते टाकायचं बळ दे. ज्याला धरायचं त्याचा हात सुटू देऊ नकोस. आम्ही पुढं असू तेव्हा मागच्यासाठी वाट दाबून ठेवायची बुद्धी दे. आणि आम्ही मागं पडलो, तर एखादा साखळ्या सोडून आमच्याबरोबर उतरणारा भेटू दे.

जोतिबाच्या नावानं चांगभलं. श्रीकृष्णार्पणमस्तु.